चंपाषष्ठीची वांगी

मंडळाची गाडी वस्तीत शिरली की आधी तिचा भोंगा ऐकू येई आणि मग भांड्यांचा आवाज. पातेली, डबे, एखादी चेपलेली बादली. बायका आपापली भांडी घेऊन लिंबाच्या झाडाखाली रांगेत उभ्या राहत. गाडीचा चालक नंदू खाली उतरे, मागचं फळकूट पाडे आणि भाताच्या डेगीवरचं झाकण सरकवे.

"काय नंदूअण्णा, आज पण सारूच का?" रत्नाबाई विचारी.

"का? तुला काय होळिगे पाहिजे, पुरण भरून?"

"होळिगे नको. त्या सारूत एखादी डाळ दिसली तरी हात जोडीन मी."

रांग हसे. नंदूही हसे. तो मनाने वाईट नव्हता. डाळीचं पाणी ओतून तो पुढच्या भांड्याकडे वळे.

ही सगळी घरं बिदरकडची. भालकी, औराद या भागातली माणसं. गावात त्यांची वस्ती वेशीबाहेर होती. बंगळुरात ती चिकपेटेमागच्या नाल्याकाठी राहत. पुरुष कापडाच्या दुकानांत गठ्ठे वाहत, बायका दुकानं झाडत. मग १९९६ साली रस्ता रुंद करायचं निघालं आणि नाल्याकाठच्या झोपड्या एका सकाळी पाडल्या गेल्या. राजाजीनगरातल्या जुन्या मराठी घरांचं एक मंडळ होतं. मागडी रस्त्याच्या पलीकडे, कधीतरी मंगल कार्यालय बांधू म्हणून घेतलेली त्यांची जमीन पडून होती. मंडळाने तिथे पत्र्याची खोपटं उभारून दिली आणि रोज एक वेळचं अन्न सुरू केलं. कानडी वर्तमानपत्रात फोटो आला.

पण तिथून चिकपेट लांब पडे. पहाटे गठ्ठे उतरवायला माणूस वेळेवर पोचेना, तेव्हा दुकानदारांनी दुसरे हमाल धरले. पुरुष मिळेल ते काम शोधत हिंडू लागले. बायका गाडीच्या भोंग्याची वाट पाहू लागल्या. वर्ष असंच गेलं.

मंडळाचे अध्यक्ष सयाजीराव. त्यांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान. त्यांची मुलगी क्षमा शेतकी विषयात बी.एस्सी. होऊन नुकतीच घरी बसली होती. एकदा ती नंदूच्या गाडीतून वस्तीवर आली. तिने रांग पाहिली, आणि रांगेपेक्षा जास्त वेळ खोपटांमागची मोकळी जमीन पाहिली. वाकून मूठभर माती उचलली, थुंकी लावून बोटांत मळली, तिची वळी करून पाहिली. कोपऱ्यात विहीर होती. बांधकामासाठी बसवलेली मोटर तिच्यावर गंजत पडली होती.

"काय करालात अक्का? माती खायची का?" रत्नाबाईने विचारलं.

"माती चांगली आहे, रत्नाबाई. तांबडी आहे, पण पाणी धरते. इथे काहीच का लावलं नाही तुम्ही?"

रत्नाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "जमीन कुणाची हाय?"

"मंडळाची."

"मग? आमी लावायचं, आन् तुमी म्हणायचं, कुणाला इचारून लावलंव? गावाकडं जलमभर दुसऱ्याच्या रानात राबलाव. वांगं कसं लावायचं ते मला शिकवू नका. इचारून तेवढं या."

क्षमाने त्याच दिवशी विचारलं. सयाजीराव दुकानातून येऊन आरामखुर्चीत बसले होते. आई, पद्मावती, शेंगा सोलत होती.

"अण्णा, गाडी किती दिवस पाठवणार आपण?"

"देव देतोय तोवर."

"त्यांना जमीन कसायला दिली तर गाडी लागणारच नाही. विहिरीला पाणी आहे. मी सांगते ना, भाजी तर निघेलच, ज्वारीसुद्धा निघेल."

सयाजीराव खुशीत आले. लेक शिकली याचा त्यांना खरोखर अभिमान होता. "सरी, सरी. बरं, करून बघ. बियाणं मी देतो."

पद्मावतीने शेंगा सोलणं थांबवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पिकलेलं खायचं कोण, ते आधी ठरवा."

"म्हणजे?"

"काही नाही. मला काय कळतंय."

क्षमाला वाटलं, आई उत्पन्नाबद्दल बोलते आहे. तिने तिथेच सांगून टाकलं, की आधी वस्तीला पुरेल आणि उरलेलं मंडळाच्या स्वयंपाकाला घेता येईल. आईने मान हलवली आणि शेंगांचं टोपलं उचलून ती आत गेली.

गणपती उठल्यावर मंडळाच्या सभागृहात मेळावा झाला. वस्तीतल्या बायकांनाही बोलावलं होतं. त्या पायऱ्यांपाशी बसल्या. सयाजीरावांनी भाषण केलं, आणि भाषणाच्या भरात सगळ्यांसमक्ष शब्द दिला.

"आमचा खंडोबा आणि यांचा बिदरजवळचा मैलार, देव एकच. चातुर्मासात आपण वांगं वर्ज्य करतो ते चंपाषष्ठीला देवाला भरीत दाखवून मग खातो. यंदाचं भरीत यांच्या रानातल्या वांग्यांचं होईल! मंडळाने यांच्या हातचं खाल्लं, की त्याच दिवसापासून विहीर आणि मोकळी जमीन यांना कसायला. मग गाडी बंद. माणसानं स्वतःच्या हातचं खावं."

टाळ्या पडल्या. मंडळाचे चिटणीस अरविंद उठून उभे राहिले. ते पुण्याचे, सरकारी कारखान्यात इंजिनियर, इंदिरानगरला राहणारे. म्हणाले, "धिस इज रियल डेव्हलपमेंट! मासे वाटत बसण्यापेक्षा मासेमारी शिकवा, असं म्हणतात ना, तसं."

पायऱ्यांवर रत्नाबाई शेजारणीला म्हणाली, "हे मासे कुठनं आले मधीच?"

दुसऱ्या दिवसापासून जमीन उकरायला सुरुवात झाली. क्षमाने हिरव्या वांग्याची रोपं आणली. ही जात बंगळूरच्या हवेत रोगाला कमी बळी पडते, असं तिला शिकवलं होतं. रत्नाबाईने नाक मुरडलं. "वांगं म्हंजे जांभळं. हे काय, दोडक्याच्या घरी दिलेली लेक हाय का?" पण लावलं. कडेने मका आणि चवळी लावली, सांडपाण्याच्या वाटेवर केळी. क्षमा सकाळी येई आणि एकेक झाड पाही. शेंडा मलूल दिसला की खुडून आतली अळी दाखवी. बायका तिला हसत, आणि मग स्वतःही शेंडे खुडत. निंबोळ्या कुटून त्यांचं पाणी फवारलं. मोटर दुरुस्त झाली. पाटातून पाणी धावलं त्या दिवशी म्हातारी माणसंसुद्धा पाय बुडवायला आली.

मक्याची कणसं आली, चवळी आली, पालेभाजी तर रोजच निघू लागली. लिंबाखालची रांग आखडत गेली. नंदूच्या डेगीत भात उरू लागला.

"अगं, घ्या की. परत नेला तर मला बोलणी बसतात," तो म्हणे.

"तुझ्या घरी ने," रत्नाबाई म्हणे. "आमची काळजी सोड. आता चंपाषष्ठीला तुमचं मंडळ आमच्या हातचं खाणार हाय. तुलाबी वाढीन."

ती हे रोज कुणाला ना कुणाला सांगे. इतकी वर्षं तिने लोकांच्या वावरात पिकवलं होतं. ते धान्य लोक खातच होते. पण रत्नाबाईने पिकवलंय असं म्हणून कुणी खाल्लं नव्हतं. विहीर मिळणार याचा आनंद सगळ्या वस्तीला होता. रत्नाबाईला तिचं नाव घेऊन कुणी खाणार याचाही होता.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी वांगी तोडली. बायकांनी ती पुसून, देठ वर करून टोपल्यांत रचली. सभागृहाच्या दारात सयाजीरावांनी टोपल्यांवर भंडारा उधळला, नारळ फोडला. फोटो निघाला. रत्नाबाईने डोक्यावरची टोपली स्वतः स्वयंपाकघरात न्यायला पाऊल उचललं, तेव्हा अरविंद लगबगीने पुढे झाले. "राहू द्या, राहू द्या, तुम्ही पाहुण्या आज. नंदू नेईल आत."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. येळकोट झाला, तळी उचलली गेली. आत पाट मांडून केळीच्या पानांवर पंगत बसली. वस्तीच्या लोकांसाठी मागच्या अंगणात मांडव घातला होता. "आत गर्दी आहे, तुम्ही इकडे ऐसपैस बसा," असं सांगितलं गेलं. क्षमा आतल्या पंगतीत भरीत वाढत होती. अंगणातलं पान तिने पाहिलेलं नव्हतं.

अंगणात बाजरीचा रोडगा वाढला, आणि त्याच्या शेजारी वांग्याचा रस्सा. रश्शातली फोड हिरव्या सालीची होती.

"आपलीच!" एक पोरगी ओरडली. सगळे हसले. रत्नाबाईने फोड तोंडात घातली. चांगली शिजली होती. तिला वाटलं, आत भरीत आणि बाहेर रस्सा केला असेल. आतले लोक आपलं भरीत कसं खातात ते एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने गेली.

दाराशी बाजारातली पोती पडली होती. एक अर्धं रिकामं होतं. त्यात मोठी, काळीभोर जांभळी वांगी होती. चुलीजवळच्या परातीत भाजून सोललेल्या वांग्यांचे देठ होते, तेही त्याच जाडजूड वांग्यांचे. दूर भिंतीकडेला तीन दगडांची वेगळी चूल होती. तिच्यावर रश्शाचं पातेलं होतं. खाली त्यांच्या टोपल्या रिकाम्या पडल्या होत्या.

"आमची वांगी भरताला न्हाई घेतली?" तिने आचाऱ्याला विचारलं.

आचारी कामात होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "तुमची तुम्हाला शिजवली की. वेगळी चूल मांडायला सांगितलं होतं. आत मार्केटचा माल."

"कुणी सांगितलं?"

"अण्णांनी. दुसरं कोण सांगणार?"

भरताचं भांडं भरून घ्यायला आलेली क्षमा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. रत्नाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला ठावं होतं?"

"नाही, रत्नाबाई. शपथ."

रत्नाबाई तिच्या शेजारून पुढे गेली, सभागृहाच्या आतल्या दारात उभी राहिली. पंगतीच्या टोकाला सयाजीराव जेवत होते.

"अण्णासाब," ती म्हणाली, "वांगी कशी झालीत?"

पंगत थांबली. सयाजीरावांनी वर पाहिलं. पानावर भरीत होतं. त्यांनी घास उचलला आणि सगळ्यांकडे पाहत हसून म्हणाले, "उत्तम! तुझ्या हाताला गोडी आहे, बाई."

"खाल्लीत नव्हं?"

"खातोच आहे की."

"मग विहीर आमची?"

"आज देवाचा दिवस. आज कसला व्यवहार? मंडळाची बैठक होऊ दे, बघू."

"अण्णासाब, देवाच्या म्होरं बसून खोटं बोलालात. तुमच्या पानात बाजारातलं वांगं हाय. आमचं आमच्याच पानात वाढलंव, भीक वाढल्यावानी."

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, "हिला आत कुणी सोडलं?" सयाजीरावांनी क्षमाकडे पाहिलं. ती भरताचं भांडं घेऊन रत्नाबाईमागोमाग आत आली होती, पंगतीच्या मधोमध उभी होती. तिने आत्ताच पोती पाहिली होती, आचाऱ्याचं बोलणं ऐकलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण समोर बाप होता, मामा होता, शाळेत शिकवलेल्या बाई होत्या. तिचे ओठ हलले नाहीत. रत्नाबाईने थोडी वाट पाहिली आणि ती वळली.

अंगणात जाऊन तिने काय झालं ते सांगितलं. म्हाताऱ्या माणसांनी आधी पानांतलं संपवलं, मग हात धुतले. अन्नावरून उठू नये, असं त्यांनाही शिकवलेलं होतं. वेगळ्या चुलीवरचं पातेलं दोघींनी कडा धरून उचललं. "आमचंच हाय," त्या आचाऱ्याला म्हणाल्या, आणि सगळी वस्ती पायी घरी गेली.

संध्याकाळी घरात क्षमाने विचारलं, "अण्णा, का?"

सयाजीराव थकलेले दिसत होते. "तुला काय वाटतं, मला विटाळ वाटतो? चिकपेटेत त्यांच्या हातचं पाणी प्यालोय मी. पण पंगतीत जुनी माणसं होती. कळलं असतं तर अर्धी पानावरून उठली असती. मंडळ मोडलं असतं."

तिथे आलेले अरविंद म्हणाले, "पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही, क्षमा. पण प्रॅक्टिकली बघ ना. लोकांची भावना असते."

"मार्केटमधली वांगी कुणी पिकवली, माहीत आहे तुम्हाला?"

"ते कोण विचारतं?"

"म्हणजे पिकवणारा कोण ते कळलं की वांगं बाटतं. नाही कळलं तर देवाला चालतं."

"स्वल्प हळू बोल," सयाजीराव म्हणाले. "आणि ती जमिनीची गोष्ट. गाडी बंद केली तर लोक वडिलांच्या नावाने अन्नदान कुठे करणार? किती घरं वर्षाच्या तिथीला आपल्याकडे येतात. घेणारा कोणी तरी लागतोच ना, बाळ."

क्षमाला आतापर्यंत वाटत होतं की अण्णा घाबरले, म्हणून शब्द मोडला. आता तिला दिसलं की गाडी कधी थांबावी असं त्यांच्या मनात नव्हतंच. टाळ्या पडत होत्या तेव्हाही नव्हतं. आणि माती मळून, अळ्या दाखवून, ज्या बायकांना तिने आशेला लावलं होतं त्या बायका त्यांच्या लेखी पुण्य मिळवायची भांडी होत्या. ती भरली गेली पाहिजेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी झाली पाहिजेत.

आई दारात उभी होती. क्षमाने तिला विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"तू विचारलं नाहीस," पद्मावती म्हणाली. "विचारलं असतंस तरी सांगितलं असतं का, कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी गाडी वस्तीत गेली. भोंगा वाजला. लिंबाखाली कुणी आलं नाही. नंदू खोपटांपर्यंत चालत गेला. रत्नाबाई दारात बसून चवळीच्या शेंगा निवडत होती. "घेऊन जा," ती म्हणाली. दुपारी मंडळाचा माणूस आला आणि विहिरीच्या मोटरीला कुलूप लावून गेला. निरोप असा होता की रांग पूर्ववत लागली की कुलूप निघेल.

क्षमा पोचली तेव्हा बायका विहिरीतून दोराने पाणी काढून घागरींनी वांग्यांना घालत होत्या. कडेची चवळी त्यांनी सोडून दिली होती. तेवढं पाणी ओढणं शक्य नव्हतं. क्षमाने घागर उचलली. कुणी तिला अडवलं नाही, आणि कुणी तिच्याशी बोललंही नाही. काम संपल्यावर ती रत्नाबाईच्या खोपटात गेली. "मला तुमच्या हातचं जेवायला वाढा," ती म्हणाली.

"कामून?"

"मी खाईन. सगळ्यांसमोर खाईन."

"खा की. भूक लागली तर खा, कुणी न्हाई म्हणालंय? पण तू खाल्लंस म्हणून आमचं रान ओलं व्हतंय का? काल तिथं तुझ्या हातात भांडं होतं, अक्का. तोंड मोकळं होतं तुझं."

क्षमा खाली बसली. म्हणाली, "हो. होतं."

"आता काय करायचं?"

"वांगी मार्केटमध्ये घालू. तिथे कुणी विचारत नाही. लगेच खपतील. मोटर नसली तरी हे पीक हातचं जाणार नाही."

"खपतील. तिथनं तुमचंच मंडळ इकत घेईल, आन् भरीत करून खाईल." रत्नाबाई हसली, पण ते हसणं लगेच सरलं. "थोडी घालू बाजारात, पोटाला पाहिजे. पण टोपलीभर मला नाव सांगून द्यायचीत. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्या दारात जाऊन. कोण घेतंय, कोण न्हाई, ते त्यांच्या तोंडानं ऐकायचंय मला. त्यांनी घेतली, की मंग तुझ्या बापाला सांगता येतंय, मंडळानं खाल्लं, काढ कुलूप. तू दारं दाखव. बोलायचं मी बोलते. पण मी बोलले की तूबी बोलायचं. कालच्यावानी न्हाई."

रविवारी सकाळी दोघी राजाजीनगरात आल्या. टोपली कधी एकीच्या कमरेवर, कधी दुसरीच्या. प्रत्येक दारात रत्नाबाई एकच सांगे. "मी रत्नाबाई. चंपाषष्ठीसाठी आमी ही वांगी पिकवली. मंडळानं ती आम्हालाच वाढली. आमची घरं गावाला वेशीबाहेर. तुमी घेणार का?" आणि क्षमा म्हणे, "मी सयाजीरावांची मुलगी. हे खरं आहे. मी तिथे होते आणि गप्प बसले."

एका घरी 'आम्ही वांगं खात नाही' म्हणाले. आतून भरल्या वांग्याचा वास येत होता. एका घरी 'तिथे ओट्यावर ठेवा' म्हणाले आणि वांग्यांवर शिंपडायला आतून पाण्याचा तांब्या आणला. रत्नाबाईने ठेवलेली वांगी परत उचलली. एका बाईने पदर डोळ्यांना लावला, वांगी घेतली नाहीत. एक म्हातारे गृहस्थ मात्र बाहेर आले, वांगं हातात फिरवून पाहिलं आणि विचारलं, "भरीत होईल का याचं?" त्यांची सून मागून 'मामंजी, मामंजी' करत होती. त्यांनी वांगी घेतली.

मग क्षमाचं घर आलं. फाटकात पद्मावती उभी होती. व्हरांड्यात सयाजीराव वर्तमानपत्र धरून बसले होते. रत्नाबाईने तेच शब्द उच्चारले. क्षमानेही उच्चारले. वर्तमानपत्र खाली आलं नाही.

"उन्हात हिंडू नकोस. घरात ये," सयाजीराव पानाआडून म्हणाले.

"टोपली आत येईल तेव्हा येईन, अण्णा. तोवर वस्तीत राहीन. पाणी ओढायला माणसं कमी पडतात तिथे."

पद्मावतीचा हात फाटकाच्या कडीवर होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. कडी निघाली नाही. क्षमाने थोडी वाट पाहिली आणि टोपली उचलली.

"रडू नको," रत्नाबाई तिला म्हणाली. "अजून लई दारं हायत."

पुढचं दार कुणाचं होतं ते इथे सांगत नाही. त्या दारामागे रविवारची सकाळ होती, चहा झाला होता, आणि कुणीतरी आपल्यासारखंच पुरवणी उघडून गोष्ट वाचत बसलं होतं. रत्नाबाईने टोपली खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि घंटी दाबली.